सरावाचा नमुना

यादीतल्या त्रेचाळिसाव्या नावाशी सुनिता गोंडाणेचं बोट थांबलं. भिलाईतल्या जुनवानीच्या एका शाळेत नववी ते बारावीच्या मुलामुलींची सिकलसेलची तपासणी झाली होती, आणि ज्यांच्या रक्तात काही सापडलं त्यांची यादी गुरुवारी दुपारी आरोग्य केंद्रात तिच्या टेबलावर येऊन पडली होती. अशा याद्या ती सोळा वर्षं वाचत आली होती. नाव, वय, वडिलांचं नाव, पत्ता, निकाल. बोट डावीकडून उजवीकडे सरकायचं, निकालावर क्षणभर टेकायचं आणि खालच्या ओळीवर उतरायचं. आज ते मधेच अडकलं. टीना, वय सोळा. वडील कमलेश केवलराम शिवणकर. राहणार कोहका. निकाल, वाहक. शेजारच्या खोलीत लस टोचलेलं एक बाळ रडत होतं, बाहेर मितानिनी, वस्तीवरच्या आरोग्यसेविका, आपापल्या वस्तीतल्या गरोदर बायांची नावं सांगत बसल्या होत्या, आणि सुनिताला आपल्या बोटाच्या टोकाशी नाडी उडताना जाणवत होती, जणू ती कागदाचीच होती. वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहक म्हणजे आईकडून किंवा बापाकडून एक खोट रक्तात उतरलेली, तिचा त्या माणसाला स्वतःला सहसा काही त्रास नाही. फक्त दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक लेकरामागे आजाराचा चारात एक धोका. हे वाक्य तिनं आजवर हजारो लोकांना सांगितलं असेल. टीनाला ही खोट कोणाकडून आली हे कळायला तिला कुठल्याही तपासणीची गरज नव्हती. ते तिला टीना जन्मायच्या आधीपासून ठाऊक होतं.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली होती आणि एका छोट्या संस्थेत ती वस्तीवस्तीतून फिरण्याचं काम करायची. मरोद्याच्या त्यांच्या घरातून ती सकाळी सायकल काढायची तेव्हा मैत्रीबागेच्या प्राणिसंग्रहालयातला सिंह ओरडत असायचा. तिची माय, कांता, म्हणायची, "त्याले बी भूक लागली असन, तू त काही खाऊन जात जा." बाप लहानू पोलादाच्या प्लान्टमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होता, त्याच्या कपड्यांना गंधकाचा वास यायचा. आणि घराच्या मागच्या खोलीत एक रिकामी खाट होती, जी कोणी हलवत नव्हतं. त्या खाटेवर पूर्वी तिचा भाऊ प्रफुल गुडघे पोटाशी घेऊन पडलेला असायचा. हाडाचा ताप, असं घरात त्याला नाव होतं. थंडी पडली की यायचा, खेळून दमला की यायचा. बाप कामावरून आला की कपडे न बदलताच त्याचे पाय चोळत बसायचा. प्रफुल अकरा वर्षांचा होऊन गेला. तेव्हा सुनिता चौदाची होती, आणि आपल्याला दुखत नाही याची तिला लाज वाटायची. दहा वर्षांनी, संस्थेनं दुर्गला ठेवलेल्या एका प्रशिक्षणात, फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या एका बाईंनी हातपाय सुजणं, डोळे पिवळे होणं, थंडीत हाडं ठणकणं, असं एकेक सांगायला सुरुवात केली, आणि मागच्या बाकावर सुनिताला वाटलं की ह्या बाई आपल्या मागच्या खोलीत येऊन गेल्या आहेत.

त्याच दुपारी सराव होता. नऊ जणी होत्या. प्रत्येकीनं आधी स्वतःचं, मग कुणा दुसऱ्याचं रक्त तपासायचं होतं. बोटाला टोचायचं, थेंब औषधाच्या पाण्यात सोडायचा आणि नळीच्या मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर रक्तात काहीतरी आहे. कमलेश तिला न्यायला आला होता. त्याची प्लान्टमध्ये अप्रेंटिसशिप चालू होती. केवलराम शिवणकरांचा मोठा मुलगा, घर गोंदियाकडच्या कुणब्यांचं. तिचं घर भंडाऱ्याकडचं, बौद्ध. ते दोघं दोन वर्षं भेटत होते, आणि ह्यावर कोणत्या घरात काय बोललं जाईल ते दोघांनाही माहीत होतं. त्याला जाळीच्या दाराशी उभा पाहून बाई म्हणाल्या, "इनका भी ले लो, अच्छा सैंपल मिल गया." तो हसत आत आला आणि त्यानं बोट पुढं केलं. लोखंडाचं काम करणाऱ्याचं जाड, चरे पडलेलं बोट. पहिल्यांदा टोचलं तेव्हा रक्तच आलं नाही. "जोरानं टोच ना," तो म्हणाला, "भेवून कावून राहिली?" तिनं दुसऱ्यांदा टोचलं. मग लाकडी घोडीत दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, एक तिची, एक त्याची. पाच मिनिटं झाली. दोन्हींच्या मागच्या रेघा बुडाल्या. बाईंनी ते दोन नमुने पुढच्या तपासणीसाठी वेगळे काढले, आणि चार दिवसांनी लॅबमध्ये शिकाऊ हातांनी काढलेल्या पट्टीवर दोघांच्याही नावापुढे दोन दोन पट्टे आले. दोघंही वाहक. पण ती चार दिवसांनंतरची गोष्ट. त्या दुपारी, जिना उतरताना, कमलेशनं तिला विचारलं होतं, "मी पास ना मंग?" आणि तिनं म्हटलं होतं, "पास."

चार दिवसांनी ती खरं सांगू शकली असती. ती हे स्वतःशी किती प्रकारे बोलली होती. सरावाच्या नमुन्यांचा निकाल बाहेर कोणाला सांगायचा नसतो, असं बाई म्हणाल्याच होत्या. शिकाऊ हातांची पट्टी, चुकलीही असेल. दहात एक माणूस वाहक असतो. तो दुसरीशी लग्न करील, ती वाहक असण्याची शक्यता दहात एक. मग कशाला त्याच्या डोक्याला भुंगा लावायचा. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यांतलं एकही कारण नव्हतं. कारण असं होतं की तिला कमलेशचं उत्तर आधीच ऐकू आलं होतं. तो म्हणाला असता, लेकरं नको आपल्याले, आपण दोघंच राहू. आणि ती हो म्हणाली असती. मग केव्हातरी चाळिशीत, दुसऱ्याचं मूल खांद्यावर घेऊन तो उभा असता आणि तिनं त्याचा चेहरा पाहिला असता. तो चेहरा तिनं चोविसाव्या वर्षीच पाहून घेतला. किंवा दुसरं, त्यांनी धोका पत्करला असता, आणि मागच्या खोलीत पुन्हा कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन पडलं असतं. म्हणून एका संध्याकाळी, मरोदा धरणाच्या भिंतीवर बसून, तिनं त्याला सांगितलं, "मले पुढं शिकाचं हाय. नागपूरले चालली मी." पलीकडे प्लान्टमध्ये तापलेली धातूची मळी ओतली गेली आणि आकाश नेहमीसारखं लाल होऊन विझलं. मग तो म्हणाला, "आमच्या बाबानं तुमच्या घरचं पाणी नाई पेलं, त्याच्यासाठी ना?" तिनं नाही म्हटलं नाही. ते कारण तयारच होतं, दोन्ही घरांनी ते कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं. तिला फक्त गप्प राहायचं होतं.

नागपूरला तिनं दोन वर्षं सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. परत आली तेव्हा कमलेशचं लग्न झालेलं होतं. ती पाटणला ब्लॉकमध्ये समुपदेशक म्हणून लागली, मग धमध्याला, मग जिल्ह्यात. दर वर्षी नवा करार, दर वर्षी मार्चमध्ये नोकरी राहील की जाईल याची धाकधूक, आणि तरी ती एकेक पायरी चढत गेली. तिच्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे बोलली जायची. सुनिता म्याडमच्या हाती आलेला रिपोर्ट घरी पोचला नाही असं होत नाही. घर बंद असलं तर ती दुसऱ्यांदा जायची, वीटभट्टीवर निघून गेलेल्या कुटुंबामागे एकदा पार बेमेतऱ्यापर्यंत गेली होती. लग्न ठरलेल्या जोडप्याला एकत्र बसवून, साखरपुड्याची मिठाई मधे असताना, तिनं निकाल सांगितले होते आणि शिव्या खाल्ल्या होत्या. लोक तिला जिद्दी म्हणत. डॉक्टर दिपाली, तिच्या वरिष्ठ, म्हणत, "तुम्हाला दया येत नाही का हो कधी?" आणि सुनिता हसायची. आता रायपूरला राज्याच्या पातळीवर एक जागा निघाली होती, सगळ्या समुपदेशकांना शिकवण्याची. पहिला धडा होता, निकाल कसा सांगावा. डॉक्टर दिपालींनी तिचं नाव स्वतः पाठवलं होतं. ह्या सगळ्याला करिअर म्हणायचं तर म्हणावं. गुरुवारी, त्रेचाळिसाव्या नावावर बोट ठेवून बसलेल्या सुनिताला ते एका न सांगितलेल्या निकालाभोवती अठरा वर्षं घातलेल्या फेऱ्यांसारखं दिसलं.

नियम असा की मूल वाहक निघालं की आईबापांना बोलवायचं. ती ते काम दुसऱ्या कोणाकडे देऊ शकली असती. दिलं नाही. अपराधापेक्षाही दुसरंच काही तिला ते देऊ देईना, आणि त्याचं नाव घ्यायला ती धजत नव्हती. तिला त्याला पाहायचं होतं. भिलाईसारख्या गावात, एकाच बाजारात भाजी घेऊन, ती त्याला अठरा वर्षांत तीनदा पाहू शकली होती, तिन्ही वेळा पाठमोरा. बाहेर दिवसभर ती हिंदी बोलायची, बैठकांत, फोनवर, वस्तीत. घरची मराठी उंबऱ्याच्या आत राहायची, मायपुरती. ती भाषा घराबाहेर, रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, धरणाच्या भिंतीवर ती एकाच माणसाशी बोलली होती. कधीकधी दुपारी जेवणाचा डबा उघडताना, कुठल्याही कारणाशिवाय, तिच्या जिभेवर एखादं वाक्य यायचं, "जेवून राहिला का रे?" आणि ते तसंच गिळावं लागायचं.

सोमवारी ते तिघं आले. कमलेशचे केस विरळ झाले होते, डाव्या कानामागे भाजल्याचा नवा डाग होता; नवा म्हणजे तिला माहीत नसलेला. त्यानं तिला पाहिलं, एकदा पापण्या हलवल्या, आणि म्हणाला, "नमस्कार म्याडम." त्याची बायको रंभा ठेंगणी, सावळी, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली. टीना मोबाईल उलटा ठेवून सरळ बसली. सुनिताला आपला आवाज ऐकू आला, "आप लोग आराम से बैठिए," आणि मग ती नेहमीचं सगळं हिंदीत बोलत गेली. गोल म्हणजे मुलगी, चौकोन म्हणजे मुलगा, असं कागदावर घराचं झाड काढत गेली. टीनानं मधेच विचारलं, "मतलब मैम, पहले रिपोर्ट, फिर प्यार?" सुनिता म्हणाली, "प्यार कभी भी. शादी से पहले रिपोर्ट." मुलगी हसली. बाप हसला नाही. "टीना के बाद और बच्चे?" सुनितानं विचारलं, कागदावरून डोळे न उचलता.

उत्तर रंभानं दिलं, मराठीत. "एक होता. मोहित. चार वर्साचा होऊन गेला. दहा वर्सं झाले." सुनितानं चौकोन काढला. गेलेल्या माणसासाठी त्यावर तिरपी रेघ मारायची असते, ती मारायला हात उठेना. "कशानं?" तिनं विचारलं, आणि आपण हिंदी सोडल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. रंभा सांगू लागली. आठ महिन्यांचा असताना हातपाय सुजले, बोटं अशी फुगली जसे भजे. मग डोळे पिवळे. थंडी आली की रडायचा, हात लावू द्यायचा नाही. "एका दिवशी सकाळी पांढरा फट झाला. पोट डाव्या बाजूनं दगडावानी. दवाखान्यात नेलं, पण वाटेतच..." तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "डॉक्टरनं पयलेच लिहून देल्लं होतं, सिकलची तपासणी करा म्हणून. हे म्हणाले, मायी झाली हाय, मले नाई ते. आपल्या घरी नसन. मंग आमी केलीच नाई."

कमलेश सुनिताकडे पाहत होता. त्या नजरेत राग नव्हता, अजून नव्हता. एखादा हिशेब जुळत नसलेला माणूस पुन्हा पहिल्या ओळीवर जातो तसा तो मागे मागे जात होता. "माही टेस्ट झालती," तो हळू म्हणाला. "दुर्गले. सन सहामंदी." खोलीत पंखा होता, कॅलेंडर होतं, खिडकीशी हात धुवायचं बेसिन होतं, सुनितानं त्या सगळ्यांकडे पाहिलं. आणि मग, रायपूरला जाऊन निकाल कसा सांगावा हे शिकवणार असलेल्या सुनिता गोंडाणेनं म्हटलं, "पुराने टेस्ट कभी कभी गलत निकलते हैं." तिनं दोघांचं रक्त घेतलं. कमलेशच्या बोटाला टोचण्याची वेळ आली तेव्हा तिनं नर्सला हाक मारली.

दोघंही वाहक निघाले, हे तिला बुधवारी कळलं. त्या रात्री आणि पुढच्या तीन दिवसांत तिनं काय केलं ते विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. ऑफिसला गेली, सह्या केल्या, रायपूरच्या मुलाखतीची तारीख आली ती वहीत लिहिली. ती प्रफुलला आठवायला बसायची आणि तिला मोहित दिसायचा, ज्याला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. त्याला तिनं प्रफुलचेच पाय दिले, प्रफुलचीच खाकी चड्डी दिली. पहिल्या खोट्याला वयाचं, भीतीचं, प्रेमाचंही कारण देता येत होतं. सोमवारचं खोटं निव्वळ होतं. बेचाळीस वर्षांच्या बाईनं, एका आईच्या तोंडासमोर, स्वतःची कातडी वाचवायला बोललेलं. आणि त्याच्याही खाली, ज्याची तिला सगळ्यांत शरम वाटली ते हे, की त्या अर्ध्या तासात ती त्याचा आवाज साठवून ठेवत होती. शनिवारी संध्याकाळी माय भाकरी थापता थापता म्हणाली, "चार दिस झाले, घास फिरवून राहिली नुसती. कावून? कोणी मेलं का?" सुनिता म्हणाली, "हो माय. दहा वर्सं झाले. मले आता समजलं." मायनं तव्यावरची भाकरी उलटली, तिच्याकडे पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. प्रफुल गेल्यापासून त्या घरात कोणी मेल्याचं पूर्ण विचारायची रीत राहिली नव्हती.

रविवारी सकाळी ती कोहक्याला गेली. घर सापडायला त्रास झाला नाही, पत्ता पाठ झाला होता. रंभा अंगणात खाटेवर कोहळ्याच्या वड्या घालत होती. कमलेश पाण्याच्या मोटारीचं झाकण उघडून बसला होता. त्यानं मान वर केली, हात फडक्याला पुसले आणि प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. टीना शिकवणीला गेली होती. सुनिता बसली नाही. तिनं ठरवून आलेली वाक्यं होती, नीट लावलेली, पण तोंडातून आलं ते एवढंच, "जुना रिपोर्ट चुकला नव्हता. मले तवाच माहीत झालतं. तुले आहे, अन् मले बी. मी सांगतलं नाही." मग, रंभाकडे वळून, "आता रिपोर्ट आला, तुमाले बी आहे. सोमवारी मी तुमाले खोटं सांगतलं. त्यायची चूक नाही. त्यायनं विचारलं होतं, मीच पास म्हणून सांगतलं होतं."

रंभाचा पिठानं भरलेला हात खाटेवर तसाच राहिला. ती नवऱ्याकडे पाहत होती. घरात कधीतरी, कोणाच्या तरी तोंडून, मरोद्याची कोणी होती एवढं तिच्या कानावर आलेलं असावं, आणि ते आता ह्या खुर्चीशी उभ्या असलेल्या बाईला येऊन चिकटत होतं. कमलेश खाली पाहत होता. मोटारीतून थोडंसं काळं तेल त्याच्या पायाशी ठिबकत होतं. "कावून?" त्यानं विचारलं.

"तू म्हटलं असतं, लेकरं नको आपल्याले," सुनिता म्हणाली. "अन् मी हो म्हटलं असतं."

"मंग?" कमलेश म्हणाला.

तिला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. त्यानं मान वर केली. "मंग? म्हटलं असतं त का झालं असतं?"

अठरा वर्षांत तिनं सगळी उत्तरं तयार केली होती, पण हा प्रश्न कुठंच नव्हता. ती ज्या भविष्याला भिऊन पळाली होती ते त्यानं एका शब्दात तिच्यासमोर ठेवलं, आणि त्याच्यात भिण्यासारखं काही नव्हतं. दोन माणसं, एक घर, मोटार दुरुस्त करण्याचा रविवार. कमलेश बोलत राहिला, आवाज न चढवता, जणू मोटारीशी. "मी समजत होतो, आमच्या बाबापायी गेली. बाबा मेला तवा बी मी त्याले मनातून माफ नाई केलं. पाणी पाजाले बसलो अन् मनात हेच, यानं नाई पेलं पाणी. अन् पोराचं... डॉक्टरच्या समोर मी छाती ठोकून सांगतलं, मले नाई म्हणून. छाती ठोकून." सुनिताला पुढं व्हावंसं वाटलं, त्याच्या तेलकट हाताला हात लावावासा वाटला, आणि त्या इच्छेनंच तिचे पाय जमिनीला खिळले. तिथं तिला हात लावण्याचा कुठलाच हक्क उरलेला नव्हता, रक्त घेणाऱ्या नर्सचाही नाही.

"अन् टीना?" रंभा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "हिनं तवा सांगतलं असतं, अन् तुमी दोघं राहिले असते, त टीना?" ती नवऱ्याला विचारत होती, भांडत नव्हती, खरंच विचारत होती. "अन् मी?" कमलेशनं मोटारीचं झाकण उचललं आणि पुन्हा ठेवलं. रंभानं हात झटकले, सुनिताकडे पूर्ण वळली आणि म्हणाली, "मायं लेकरू तुमच्या तोंडानं गेलं, बाई. ते मी विसरणार नाही. आता घरी जा." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सुनिता निघाली. फाटकाशी ती क्षणभर घुटमळली तेव्हा मागून रंभाचाच आवाज आला, वेगळा, घाईचा. "हे मायाकडून बी आलं ना? म्हणजे माया भावाले बी असन?" सुनिता वळून म्हणाली, "असू शकते. त्यायच्या लेकराले बी." "भावाले एक पोरगी हाय," रंभा म्हणाली.

सोमवारी सुनितानं डॉक्टर दिपालींना सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "सरावाचा नमुना," त्या म्हणाल्या. "ना नोंद, ना सही. हे मी कोणत्या फाईलमध्ये लावू?" मग, कागद परत करत, "आणि रायपूर?" सुनिता म्हणाली, "माझं नाव काढा, मॅडम. मी इथंच बोटं टोचते." डॉक्टर दिपालींनी समजावलं, रागावल्या, शेवटी नाव काढलं. सुनिताला शिक्षा हवी होती आणि ती द्यायला कोणी रिकामं नव्हतं. ती पुन्हा सकाळी वस्तीत जाऊ लागली, मितानिनींच्या बरोबर, पायी. संध्याकाळी पाय दुखायचे तेव्हा तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचा राग यायचा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सिकलसेलच्या ठरलेल्या दिवशी, दहा वाजता, रंभा केंद्रावर आली. तिच्या मागे डोंगरगडहून सकाळच्या गाडीनं आलेली माणसं होती. तिची बहीण, तिचा रेल्वेत गँगमन असलेला भाऊ, बहिणीच्या दोन मुली, आणि भावाची बायको गीतांजली, कडेवर चौदा महिन्यांची मुलगी घेऊन. रंभा सुनिताशी काही बोलली नाही. बाकावर त्यांना ओळीनं बसवलं आणि बाजूला उभी राहिली. सुनितानं नर्सला बोलावलं नाही. एकेक बोट तिनं स्वतः हातात घेतलं. शेवटी त्या लहान मुलीपाशी आली तेव्हा तिनं टोचायच्या आधीच पाहिलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं सुजलेली, चकचकीत, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळी झाक. रंभानंही पाहिलं होतं. ती तेवढ्यासाठीच आली होती.

लॅबचा निकाल यायला दोन दिवस लागले, आणि सुनिता डोंगरगडला स्वतः गेली. रेल्वेच्या क्वार्टरसमोर, लिंबाखाली, सगळे बसले होते. रंभा होती, कमलेशही होता, जरा दूर, मोटारसायकलला टेकून. सुनितानं गीतांजलीच्या समोर जमिनीवर बसून सांगितलं. मुलीला आजार आहे. तो जाणार नाही. रोज औषध द्यावं लागेल, दर महिन्याला तपासावं लागेल, ताप आला तर त्याच तासाला निघावं लागेल, पोटाला डाव्या बाजूनं असा हात लावून पाहायचा. तिनं गीतांजलीचा हात धरून तिच्याच लेकराच्या पोटावर ठेवला. "वाचन ना माही पोरगी?" गीतांजलीनं विचारलं. "औषध चुकलं नाही त शाळेत जाईन, लग्न करन," सुनिता म्हणाली. "पण दुखन. ते मी तुले नाही म्हणून सांगत नाही." गीतांजली रडली, तिचा नवरा उठून रुळांच्या बाजूला गेला, आणि रंभानं मुलीला आपल्याकडे घेतलं आणि सुजलेली बोटं पदराखाली झाकली, जणू त्यांना थंडी लागत होती.

मग कोणी आणायचं याची गोष्ट निघाली. भावाची ड्यूटी कधी कुठं लागेल सांगता येत नव्हतं, गीतांजली एकटी कधी गाडीत बसलेली नव्हती. कमलेश तेव्हा पहिल्यांदा बोलला. "मी आणीन," तो रंभाला म्हणाला. "दर महिन्याले. पयला मंगळवार माया सुट्टीचा करून घेईन." रंभानं त्याच्याकडे, मग सुनिताकडे पाहिलं, आणि मान हलवली. सुनितानं कार्डावर पुढची तारीख लिहिली आणि कार्ड त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते घेतलं, तारीख वाचली, खिशात ठेवलं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती त्या मंगळवारांचा विचार करत होती. तो येईल, खांद्यावर त्या मुलीला घेऊन, ओळीत उभा राहील. ताप किती होता, औषध किती उरलं, पोट कसं आहे, एवढं बोलेल. ती लिहून घेईल. वर्षाला बारा वेळा, मुलगी जगली तर कित्येक वर्षं. ती जगावी म्हणून सुनिता मनापासून मागत होती, आणि त्या मागण्यात आपला किती वाटा आहे ते तिनं त्या दिवसापुरतं तपासलं नाही.